मोठा खटका

१

दिवे परत आले तेव्हा मामा तळघराच्या जिन्याखाली पालथे पडले होते. चष्मा मात्र अगदी वरच्या पायरीवर होता, काचा शाबूत, कुणी जपून काढून ठेवावा तसा.

सगळ्यांत आधी बारकी धावली. बारकी म्हणजे त्यांची भाची. दाताच्या दवाखान्यात कवळ्या घडवायचं तिचं काम, त्यामुळे तिचा हात हलका. तिने तो मामांच्या मानेखाली घातला. मान सैल होती. तिच्यामागून बाबा आले, मग भिंत धरत मामी, आणि सगळ्यांत शेवटी सर. जिन्याच्या वळणावर तिघंही थिजली. वरून विजेच्या मीटरची बारीक गुरगुर तेवढी ऐकू येत होती.

"अंधारात पाय चुकला," सर म्हणाले. मग स्वतःलाच समजावावं तसं पुन्हा, "पायच चुकला."

बारकीने वर पाहिलं. पाय चुकलेल्या माणसाचा चष्मा त्याच्याबरोबर खाली येतो. तो वर राहतो तो कुणी तोंडावर हात मारला तर. हा विचार मनात आला आणि तिने वळणावरच्या एकेकाकडे पाहिलं, कारण घरात त्या चौघांशिवाय कुणीच नव्हतं.

२

दुपारी सगळं किती साधं होतं. मामांनी फोन करून बोलावलं होतं, "चहाला या, एक गंमत ऐकवायचीय." मामांच्या गमती तळघरात असत. भंगारवाल्यानेही नको म्हटलेले जुने संगणक त्यांनी तिथे आणून ठेवले होते आणि दिवसभर त्यांच्या पोटात डोकं घालून बसायचे. बारकीला लहानपणी त्यांनीच त्या यंत्रांवर अक्षरं शिकवली होती, कारण तिची आई ती रांगत असतानाच गेली होती आणि बाबा दिवसभर बस चालवायचे.

सर म्हणजे आईचे आणि मामांचे जुने मित्र, आता मोठे प्राध्यापक. अंध मुलांना संगणकाने पुस्तक वाचून दाखवावं, असा एक प्रोग्राम त्यांनी पूर्वी बनवला होता. ज्या काळी यंत्रं नुसती टुकटुक करत, त्या काळी सरांचं यंत्र बोलायचं. सुरू झालं की सरांच्या आवाजात म्हणायचं, "मी वाचतो. तुम्ही ऐका." शाळाशाळांतून तो आवाज गाजला. आता सरांनाच कमी ऐकू येत होतं. मामीला त्यांना साखर विचारायची तर कानाशी वाकावं लागे.

चहा पिताना मामा म्हणाले होते, "एक जुनी फ्लॉपी सापडली. पण इतकी सडलेली, की वाचता वाचताच तिचा थर सोलून निघाला. आता तिच्यात नुसती धूळ. डोक्यातही तीच धूळ बसलीय, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्यात, माझ्या नाही. ते साफ करून उद्या नवीन फ्लॉपीवर उतरवीन. तोवर जे आहे ते सगळं रॅम डिस्कवर आहे."

"मग त्या डिस्कला कुलूप लावून कपाटात ठेव की," बाबा म्हणाले.

मामा आणि बारकी दोघंही हसली. रॅम डिस्क कपाटात ठेवायची वस्तू नव्हतीच. यंत्राच्या आठवणीतला एक कोपरा अडवायचा आणि यंत्राला पटवायचं, की ही एक डिस्क आहे. फ्लॉपी घरघरत जे शोधायला वेळ लावते, ते तिथून चुटकीसरशी मिळतं. पण ती आठवण विजेवर जगते. वीज गेली की कोपरा कोरा. बारकीने हे बाबांना समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामीने तिला भांडी उचलायला हाक मारली.

त्यानंतर मामा तळघरात उतरले, बारकी आणि मामी स्वयंपाकघरात गेल्या, बाबा आणि सर बाहेरच्या खोलीत बसले. बाहेर अंधारून आलं होतं. आणि दिवे गेले.

आता पोलीस आले होते. फौजदारबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. ठेंगणी, सर्दीने नाक लाल झालेली बाई, हातात रुमाल. मामी बारकीचा हात सोडायला तयार नव्हती, म्हणून बारकी तिथेच होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"दिवे गेले तेव्हा तुम्ही दोघी?"

"हिचा हात धरून होते मी," मामी म्हणाली. "मला अंधाराची भीती वाटते. दिवे येईपर्यंत सोडला नाही."

"शेजारच्यांचे दिवे?"

बारकी म्हणाली, "खिडकीतून समोरचं घर दिसत होतं. तिथे उजेड होता. आमचा फ्रिजही एकदम गप्प झाला." आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. वीज गेली नव्हती. या घराची कुणी घालवली होती.

मग बाबा आले. "माझा डोळा लागला होता. जाग आली तर अंधार, म्हणून टॉर्च शोधायला मागच्या खोलीत गेलो. स्टुलाला अडखळलो. कसला तरी धप्प आवाज आला, पण मला वाटलं स्टूलच. टॉर्च मिळेना, म्हणून चाचपडत बोर्डाशी आलो. मोठा खटका खाली होता. तो वर केला."

बोर्ड तळघराच्या दाराशेजारी होता. त्यावर मामांनी कागद चिकटवले होते: दिवे, स्वयंपाकघर, तळघर. आणि सगळ्यांच्या वर एक मोठा खटका, सगळं घर एकदम बंद करणारा.

शेवटी सर. त्यांच्याशी फौजदारबाई मोठ्याने बोलल्या. "तुम्ही कुठे होतात?"

"खुर्चीत. या वयात अंधारात हिंडून काय करू? दुपारपासून मी तळघराची पायरीही उतरलो नव्हतो. दिवे आल्यावर वळणापर्यंत गेलो, तेवढंच."

"मामा काय ऐकवणार होते, काही अंदाज?"

"आता कळायचं नाही. सगळं आठवणीत होतं, वीज गेली तसं तेही गेलं. रिकामं यंत्र आणि काळा पडदा, एवढंच राहिलं." सरांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात एक शिपाई आत आला. त्याच्या हातात दुमडून मोडलेली एक मोठी काळी फ्लॉपी होती. "बाई, तळघरातल्या यंत्राच्या फटीत फ्लॉपी नाही. ही बोळात टांगलेल्या कोटात मिळाली."

फ्लॉपीच्या चिठ्ठीवर फिकट शाईत एकच शब्द होता, आवाज. ते वळण बारकी ओळखत होती. तिच्याकडे असलेल्या एकुलत्या एका फोटोमागे तेच अक्षर होतं. आईचं.

"कोट कुणाचा?" फौजदारबाईंनी विचारलं.

बाबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझा," ते म्हणाले.

३

बाबांना रात्री चौकीतच ठेवलं. बारकी मामीजवळ राहिली. डोळा लागला नाही. बाबांनी आईचं नाव कधी घरात काढू दिलं नव्हतं. आईच्या वस्तू त्यांनी तिच्यामागे वाटून टाकल्या होत्या, तिचे कागद, फ्लॉप्या, सगळं सरांच्या हवाली केलं होतं. मामांचं आणि त्यांचं त्यावरून भांडणही झालं होतं. एक डबा मामांकडे राहून गेला असणार. त्या आवाजात असं काय होतं, की बाबांना ते नको होतं? आई कशी गेली, हेसुद्धा तिला नीट माहीत नव्हतं. "आजारी होती," एवढंच उत्तर मिळायचं, आणि ते देताना बाबा दुसरीकडे बघायचे.

सकाळी फौजदारबाईंनी सगळ्यांना परत बोलावलं होतं. त्या यायच्या आत बारकी तळघरात उतरली. मामांच्या टेबलावरचं यंत्र घुमत होतं. त्यात नवल नव्हतं. खटका वर केल्यावर ते आपसूक सुरू होणारच, आणि सुरू होऊन फ्लॉपी मागत बसणार. पडदा बंद होता. मामा काम नसलं की पडदा बंद करायचे, काच जळते म्हणून.

तिने पडद्याचं बटण दाबलं. काच हळूहळू हिरवी झाली.

यंत्र फ्लॉपी मागत नव्हतं. ते शांतपणे डी या अक्षराशी थांबलं होतं आणि चौकोनी ठिपका लुकलुकत होता. डी म्हणजे रॅम डिस्क. वीज गेली असती तर डी नावाचं तिथे काही उरलंच नसतं. तिने यादी मागवली. ओळीमागून ओळ वर सरकत गेली. सगळं जागेवर होतं.

तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. मागच्या पायाशी एक जड खोका होता, त्यावर तांबडा दिवा. बॅटरी. वीज गेली की यंत्राला तिच्यावर जगवणारी. मामांनी तिला याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

म्हणजे आईचा आवाज, तो जो काही होता तो, अजून जिवंत होता. आणि फक्त तिलाच ते ठाऊक होतं.

तिने यंत्राच्या बाजूच्या लाल बटणाकडे पाहिलं. एकदा दाबलं की झालं. मामांना कुणी का मारलं, हे मग कुणालाच कळणार नव्हतं. बाबा कदाचित सुटतील. पुराव्याविना माणूस किती दिवस अडकवून ठेवणार? तिचं बोट बटणावर टेकलं. बटण थंड होतं. जे आपल्याला ऐकायचं नाही ते कुणालाच ऐकू न देणं, हेच तर बाबांनी आयुष्यभर केलं, असं तिच्या मनात आलं, आणि तिने बोट उचललं.

मागे जिना करकरला.

तिने आधी पडदा बंद केला आणि मग वळून पाहिलं. सर उतरत होते, एक एक पायरी, भिंतीला धरून.

"इथं काय करतेस एकटी?"

"काही नाही. मामांची जागा बघावीशी वाटली."

सर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या अंगाला कापूर आणि तंबाखूचा संमिश्र वास होता, लहानपणापासून ओळखीचा. "बंद करून टाकावं हे आता," ते हळुवारपणे म्हणाले. "रिकामं यंत्र उगाच कशाला तापतंय?"

"राहू दे ना थोडा वेळ."

"आणि तो खाली कसला दिवा?"

"व्होल्टेजचा खोका आहे. जुनाच."

सर त्या दिव्याकडे बघत राहिले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची नजर कशी असते हे तिला माहीत होतं, ऐकू न आलेलं ती चेहऱ्यावरून वाचते. आता ती नजर तिच्या चेहऱ्यावर आली आणि तिथून हलेना. मग सरांचा हात सावकाश यंत्राच्या बाजूने पुढे सरकला, लाल बटणाकडे. बारकीने त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिने सरांना नमस्काराशिवाय कधी हात लावला नव्हता. ते मनगट म्हाताऱ्याचं नव्हतं. त्यात जोर होता.

"सोड, पोरी," ते म्हणाले.

"तिथेच थांबा," जिन्यावरून फौजदारबाईंचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक शिंक. "दोघंही."

४

बारकीने त्यांना सगळं सांगितलं, बटणावर ठेवलेल्या बोटासकट. फौजदारबाईंनी मान डोलावली. बाबांना आणलं होतं. एका रात्रीत ते वाळल्यासारखे दिसत होते. मामीला त्यांनी खुर्ची दिली, यंत्राशेजारी एक शिपाई उभा केला, आणि स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"मला या यंत्रांतलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी एवढंच विचारत गेले, की कुणाला काय माहीत होतं. आधी खटका. दिवे घालवायचे असते तर दिव्यांचा वेगळा खटका होता, चिठ्ठी लावलेला. पाडला तो मोठा. तळघराचीसुद्धा वीज तोडणारा. म्हणजे कुणाला तरी नुसता अंधार नको होता, हे यंत्र मारायचं होतं."

फौजदारबाईंनी मामीकडे पाहिलं.

"वीज गेली की यातलं सगळं पुसलं जातं, हे कुणाला माहीत होतं? वहिनी, तुम्हाला?"

"मला नसेल तर कुणाला असेल?" मामी म्हणाली. "वीज गेली की डोकं धरून बसायचे. म्हणून तर परवा तो बॅटरीचा खोका आणला. पिर्र पिर्र वाजायचा, मी कटकट केली तेव्हा त्याची शिट्टी कापून टाकली त्यांनी."

"म्हणजे तुम्हाला बॅटरीही माहीत होती. तुम्हाला यंत्र मारायचं असतं तर मोठा खटका पाडून उपयोग नव्हता, हे तुम्हाला कळलं असतं. आता बाबा. यांनी चहाच्या वेळी ती डिस्क कपाटात ठेवायला सांगितली, हे तुम्ही तिघांनीही मला वेगवेगळं सांगितलंत. यांच्या लेखी जे होतं ते फ्लॉपीत. ती हवी असती तर उचलून नेली असती, घरभर वीज कशाला तोडतील? आणि चोरून आपल्याच कोटात, सगळ्यांच्या वाटेवर, कशाला ठेवतील?"

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"उरले दोघं. वीज गेली की सगळं जातं, हे माहीत असणारे, पण बॅटरीचं माहीत नसणारे. एक ही. पण हिचा हात हिच्या मामीच्या हातात होता." फौजदारबाईंनी रुमालाने नाक पुसलं. "दुसरे सर."

"उद्या म्हणाल, ज्याला ज्याला संगणक येतो तो खुनी," सर म्हणाले. आवाज स्थिर होता.

"नाही म्हणणार. एवढ्यावर मी तुम्हाला हातही लावला नसता. पण काल तुम्ही म्हणालात, रिकामं यंत्र आणि काळा पडदा राहिला. बारकीबाई, वीज येऊन हे यंत्र नव्याने सुरू झालं, की पडद्यावर काय दिसतं?"

"फ्लॉपी घाला, असं लिहून येतं," बारकी म्हणाली. बोलता बोलता तिला उमजलं. "पडदा उजळलेला असतो. काळा नसतो."

"आणि हे सरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत. खुर्चीत बसून अंदाज केला असता, तर त्यांनी उजळलेला पडदा सांगितला असता. मामांनी तो हाताने बंद केला होता, हे कळायला इथे यावं लागतं. जिन्याच्या वळणावरून हे टेबल दिसत नाही, मी उभी राहून पाहिलंय. अंधार असतानाच कुणीतरी इथे आलं, काडीच्या किंवा फोनच्या उजेडात फ्लॉपी काढली, पडदा काळा पाहिला आणि समजलं की यंत्र मेलं. पण यंत्राचा पंखा घुमत होता. धडधाकट कानाच्या माणसाला तो ऐकू आला असता."

सर हसले, अगदी थोडं. "आणि मी माझ्या मित्राला कशासाठी मारीन? एका सडक्या फ्लॉपीसाठी?"

"ते मला अजून माहीत नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "लावा हो ते."

बारकी यंत्रासमोर बसली. यादीत सगळ्यात वर जे नाव होतं ते तिने टाइप केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पेटीतल्या छोट्या कर्ण्यातून आवाज आला, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, खरखरीत, पण माणसाचा. बाईचा.

"मी वाचते. तुम्ही ऐका."

शाळाशाळांतून गाजलेलं तेच वाक्य होतं. फक्त त्यात बोलणारा पुरुष नव्हता. बाबा भिंतीला टेकले आणि भिंतीवरून घसरत खाली बसले.

"तिचा आहे," ते म्हणाले. "तिचा आवाज आहे हा."

आवाज पुढे बोलत होता. हा प्रोग्राम आपण अंधशाळेतल्या आपल्या मुलांसाठी लिहिला, एक एक अक्षर आपल्या तोंडाने भरलं, आणि फ्लॉपीवरून शब्द अडखळतात म्हणून सगळे आवाज आधी रॅम डिस्कवर घ्यायचे, असं तो सांगत होता.

"बंद करा ते," सर म्हणाले. मग मोठ्याने, "बंद करा."

आवाज चालूच राहिला.

सरांनी खुर्चीची पाठ धरली. "तिने मला तपासायला दिला होता. मग ती गेली. तिच्या नवऱ्याने उरलेलंही आणून दिलं, डबाच्या डबा, उघडूनसुद्धा न पाहता. मी नुसते आवाज बदलले. माझे घातले. आधी वाटलं, सांगू नंतर. नंतर लोक टाळ्या वाजवायला लागले."

"आणि मामा?" फौजदारबाईंनी विचारलं.

"जुनी फ्लॉपी, ऐकवायची गंमत, एवढ्यावरून मी ओळखलं. मला वाटलं, खटका पाडला की संपलं. पुन्हा वर करून जागेवर जाऊन बसणार होतो. तेवढ्यात तो जिना चढून आला. म्हणाला, कोण आहे, खटका कोणी पाडला? अंधारात तोंड दिसलं नाही त्याला. पण त्याने माझा वास ओळखला. माझं नाव घेतलं." सरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मी त्याचं तोंड दाबायला हात पुढे केला. नुसतं तोंड दाबायला. मग तिच्या अक्षराची फ्लॉपी काढून बोळात हाताला लागला त्या कोटात कोंबली."

मामी हुंदका न देता रडत होती.

५

सरांना नेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. बॅटरीचा तांबडा दिवा अजून जळत होता, आणि बारकीला भीती होती ती आता एवढीच, की हे यंत्र मध्येच दगा देईल. तिने झाकण काढलं. यंत्र चालू ठेवूनच स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने फ्लॉपीचं डोकं पुसत राहिली, कवळीच्या दाताच्या फटी पुसाव्यात तसं, हलक्या हाताने. कापसावर तपकिरी भुकटी आली. आईची फ्लॉपी होती ती, तेवढीच उरलेली. नवी फ्लॉपी घातली. पहिल्यांदा यंत्राने नकार दिला, दुसऱ्यांदाही. पुन्हा पुसल्यावर घरघर सुरू झाली आणि थांबेपर्यंत तिने श्वास घेतला नाही. उतरलं. तिने आणखी दोन प्रती केल्या.

बाबा मागे बसून होते.

"का नाही कधी सांगितलंत तिच्याबद्दल?" तिने पाठमोरीच विचारलं.

"आठवेना म्हणून," बाबा म्हणाले. "तोंड आठवायचं. आवाज गेला होता. तू विचारशील, कशी बोलायची, आणि मला सांगता येणार नाही, याची भीती वाटायची." थोड्या वेळाने ते पुढे सरकले. "याच्यात आपण लिहू ते बोलतं का?"

"बोलतं."

त्यांनी आयुष्यात कळफलकाला हात लावला नव्हता. एका बोटाने शोधून शोधून त्यांनी रोमन अक्षरांत एकच शब्द लिहिला. बारकीने तो पाठवला.

"अहो," आईचा आवाज म्हणाला.

बाबांनी डोळे मिटले. मग नाराजीने मान हलवली. "असं नाही. शेवटी जरा ओढायची. खाली रस्त्यावरून हाक मारायची ना, बसचा आवाज आला की."

बारकीने शेवटचं अक्षर आणखी दोनदा टाइप केलं.

"अहोऽऽ."

"हां," बाबा म्हणाले. "आता."